फुकटाचा हिशेब

कर्नाटक सरकारच्या गृहज्योती या मोफत वीज योजनेचं पहिलं शून्य रुपयांचं बिल आमच्याकडं आलं ते ऑगस्ट 2023 मध्ये. बेळगावच्या वडगावातल्या आमच्या गल्लीत बरीच घरं विणकरांची, बाकीची आमच्यासारखी हात आखडून खर्च करणारी. महिन्याला पाच-सहाशे रुपये वाचले की पोराची शिकवणी निघते, म्हाताऱ्या माणसाच्या बीपीच्या गोळ्या निघतात. त्यामुळं योजनेबद्दल मला वावगं काहीच म्हणायचं नाही. पण दिवाळी येईतो माझ्या लक्षात आलं, की बिलाचा कागद घरात कुणी उलगडूनसुद्धा बघत नाही. पूर्वी आमचे हे चष्मा लावून युनिट वाचायचे, मागच्या महिन्याशी ताडून बघायचे, "या खेपेला इस्त्री जास्त झाली वाटतं," म्हणायचे. आता कागद आला तसा टीव्हीच्या मागं जातो. योजना सुरू झाली तेव्हा 2022-23 सालच्या सरासरी वापरावर दहा टक्के वाढवून तेवढे युनिट माफ व्हायचे, जास्तीत जास्त 200. या मर्यादेला लोक कोटा म्हणायला लागले, आणि कोटा म्हटला की तो संपवावासा वाटतो. "असूदे की गे फॅन चालू, कोटा शिल्लक आहे," हे वाक्य मी माझ्याच घरात ऐकलं.

मी घरी शिलाईकाम करते. गिऱ्हाइकांची मापं लिहायची एक जाड वही असते, तिच्या मागच्या पानांवर मी नवा हिशेब मांडायला घेतला. त्यात रुपये लिहायचेच नाहीत असं ठरवलं. विजेचे युनिट, पाण्याच्या घागरी, घरात आलेल्या पिशव्या, उरलेल्या भाताच्या वाट्या, एवढंच लिहायचं. रुपयांच्या हिशेबात फुकट आलेली वस्तू दिसतच नाही, आणि नासाडी होते ती बहुतेक फुकट किंवा जवळजवळ फुकट आलेल्या वस्तूंचीच. माझा हा अंदाज होता. वहीनं तो खरा ठरवला, आणि पुढं घरात जे जे बदललं ते त्या पानांवरून बदललं.

सगळ्यात आधी पाणी. बेळगावला पाणी येतं ते मार्कंडेय नदीवरच्या राकसकोप जलाशयातून आणि घटप्रभेवरच्या हिडकल धरणातून. शहरातल्या दहा वॉर्डांना 2008 पासून चोवीस तास पाणी आहे. आम्ही त्या दहांतले नव्हे. आमच्या नळाला मधले काही दिवस सोडून पाणी येतं, तेही तास-दोन तास. गल्लीच्या टोकाच्या घरातून "पाणी आलं!" अशी हाक येते आणि प्रत्येक दारात एकच धांदल उडते. बॅरल, घागरी, कळश्या, बादल्या, जे काही भरलेलं असेल ते आधी गटारीत उपडं करायचं, भांडी विसळायची आणि मग ताजं भरून घ्यायचं. आधीचं पाणी शिळं झालेलं असतं ना! नळ यायच्या वेळी आमच्याकडची गटार काठोकाठ वाहते, आणि त्यात सांडपाणी थोडंच असतं, बाकी सगळं न वापरलेलं चांगलं पाणी.

वहीत मांडल्यावर आमच्या एकट्या घरातून एका खेपेला आठ-दहा घागरी अशा जाताना दिसल्या. घागर पंधरा लिटरची धरली तर सव्वाशे-दीडशे लिटर. शहरात माणशी रोज 135 लिटर पाणी मिळावं असा सरकारी निकष आहे. म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं पाणी हात न लावता गटारीत. त्याच वर्षी जूनमध्ये मान्सून लांबला होता, राकसकोपची पातळी किती उतरली हे आम्ही सगळेच पेपरात वाचत होतो आणि टँकरची वाट बघत होतो. त्यामुळं ही पानं मी घरात सगळ्यांपुढं ठेवली.

सासूबाईंचं माहेर येळ्ळूरचं. परसात आड, पहाटे शेंदलेलं पाणी प्यायची लहानपणापासूनची सवय. "शिळं पाणी देवाला चालत नाही, ते माणसाला कसं चालंल?" हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या म्हणण्यात तथ्य होतं, म्हणूनच त्यावर नीट विचार करावा लागला. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यातच वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. अंडी बॅरलच्या आतल्या कडेला चिकटलेली असतात, त्यामुळं नुसतं पाणी बदलून भागत नाही, आठवड्यातून एकदा भांडं रिकामं करून आतून घासावं लागतं. दारावर येणाऱ्या आशाताईही हेच सांगतात. तेव्हा बॅरल रिकामं व्हायलाच हवं होतं. ते गटारीत रिकामं करायचं की कामात, एवढाच प्रश्न उरला.

तो धुण्यानं सोडवला. चादरी, पडदे, वाकळा, फरशी, मोरी, अंगण, अशी पाणी खाणारी सगळी कामं आम्ही पाणी येण्याच्या आदल्या संध्याकाळवर नेली. वाकळ धुवायला दोन माणसं लागतात, म्हणून त्या संध्याकाळी आमचे हे दुकानातून जरा लवकर येतात. शेवटच्या विसळणीचं पाणी बादलीत धरून संडासाला वापरतो. सकाळी बॅरलच्या तळाशी चार-पाच तांबे पाणी राहतं, तेवढ्यात ते नारळाच्या काथ्यानं आतून घासून होतं. देवाचं आणि पिण्याचं पाणी सासूबाई ताजंच भरतात, त्यात मी कधी बोट घातलं नाही. बाकीच्या पाण्याला त्या आता शिळं म्हणत नाहीत, धुण्याचं म्हणतात.

पाण्याचाच आणखी एक निर्णय याच वहीमुळं झाला. दारावर आरओ मशीन विकायला एक माणूस आला होता. त्यानं आपल्याच मीटरवर आमच्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, मोजून दाखवला, तो पाचशेच्या कितीतरी खाली निघाला. पाचशेच्या आत टीडीएस असेल तिथं आरओची गरज नाही, असं राष्ट्रीय हरित लवादानं 2019 मध्येच म्हटलेलं आहे. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळताना साधारण दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, म्हणजे आम्ही संध्याकाळभर खपून वाचवलेलं पाणी त्या नळीतून पुन्हा गेलं असतं. आम्ही आमच्या कँडल फिल्टरवरच राहिलो. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा तुरटी फिरवतो आणि उकळतो.

पिशव्यांचं पान सगळ्यात लवकर भरलं. कर्नाटकानं प्लास्टिकच्या पिशव्यांवर मार्च 2016 मध्येच बंदी घातली. पुढं देशभर 31 डिसेंबर 2022 पासून 120 मायक्रॉनपेक्षा पातळ पिशवी चालणार नाही असा नियम झाला. तरी मंडईत पातळ पिशवी मिळते, आणि देणाऱ्यांना दोष देणं मला पटत नाही. कडोली-येळ्ळूरकडच्या मावश्या पहाटे भाजी घेऊन येतात. त्यांतल्या एकीला मी विचारलं तर ती म्हणाली, "पिशवीचं पैसं माझ्याच पदरचं जातंय बाई. पण नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारणीकडं सरकतंय." मेथीच्या जुडीत मावशीला काय सुटत असेल ते सुटो, त्यातली पिशवीची किंमत वजा होते, आणि घेणारीला मात्र ती फुकट आल्यासारखी वाटते. तेव्हापासून मी भाजीवालीपुढं उभी राहताना पिशवी आधी उघडून धरते, बोलायचं नंतर. मासे-मटणाला झाकणाचा स्टीलचा डबा. बुधवार, शुक्रवार, रविवार, ज्या दिवशी मासळी घ्यायची त्या दिवशी डबा स्कूटरच्या डिकीत सकाळीच ठेवला जातो. मासेवालीला सुरुवातीला डब्याचं वजन वजा करायचा कंटाळा यायचा. आता ती मासे तोलूनच डब्यात टाकते.

पण वहीत प्लास्टिकच्या पिशव्यांपेक्षा जास्त संख्या दुसऱ्याच पिशव्यांची निघाली. साडीच्या दुकानातून, लग्नातून, वास्तुशांतीतून येणाऱ्या, दोन्ही बाजूंनी नाव छापलेल्या, लोक ज्यांना सरसकट कापडी म्हणतात त्या. मला शिलाईवाली म्हणून त्यांचा राग आहे, कारण ते कापडच नव्हे. उजेडात धरून बघा, उभा धागा नाही, आडवा धागा नाही. पॉलिप्रॉपिलीन वितळवून त्याचे तंतू एकमेकांवर दाबलेले असतात. नियमात यांनाही 60 जीएसएमची अट आहे, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन निदान 60 ग्रॅम भरलं पाहिजे, आणि हातात येणाऱ्या कित्येक पिशव्या त्याहून पातळ लागतात. वर्षभर कपाटात राहिल्या की घडीवर तुटतात आणि त्यांचा भुसा होतो.

मग सुती पिशव्या विकत घ्याव्यात का? मी घेतल्या नाहीत, आणि त्याला कारण आहे. ब्रिटनच्या सरकारी पर्यावरण संस्थेनं 2011 मध्ये पिशव्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. नव्या सुती पिशवीमागं कापूस, पाणी, खत, कारखाना एवढं लागतं, की हवामानावरचा तिचा भार पातळ प्लास्टिक पिशवीपेक्षा कमी ठरायला ती 131 वेळा वापरावी लागते, असं त्यात निघालं. पर्यावरणासाठी म्हणून नवी सुती पिशवी घ्यायची आणि ती दारामागं टांगून ठेवायची, यात कुणाचंच भलं नाही. घरात कापड पडून असताना नवं कापड कशाला?

आणि कापड होतंच. प्रत्येक मराठी घरात ब्लाऊज पीसचा गठ्ठा असतो. ओटीत आलेला, पाठवणीत आलेला, सत्यनारायणाला आलेला. अंगाला लावायच्या लायकीचा त्यात एखादाच, बाकीचे या ओटीतून त्या ओटीत फिरत राहतात. मी असे ऐंशी सेंटिमीटरचे पीस घेऊन पिशव्या शिवायला लागले. एका पिसात एक अस्तराची पिशवी बसते. कापड पातळ असतं, म्हणून दुहेरी घ्यायचं. पट्टे मात्र जुन्या इरकलीच्या किंवा शहापुरी साडीच्या काठाचे. साडी विरते तेव्हा अंग विरतं, काठ शाबूत राहतो. पट्टा पिशवीच्या तोंडाशी जोडताना चौकोन शिवून त्यात फुली मारायची, म्हणजे दोन किलो कांदे आणि एक नारळ निर्धास्त उचलता येतो. कातरणाच्या चिंध्या पूर्वी कचऱ्यात जायच्या, आता त्यांची भरण वाकळेत जाते. वाकळ टाचायची सासूबाईंची पद्धत मी याच निमित्तानं शिकले. कडेनं धावदोरा घालत घालत मधे यायचं आणि टाका सगळीकडं एका लांबीचा ठेवायचा. त्यांच्या हातचा टाका अजून माझ्यापेक्षा सरळ येतो.

आता वाणाबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त तेच बोलायचं आहे. संक्रांत ते रथसप्तमी आमच्याकडं हळदीकुंकवाची नुसती गर्दी असते. एका संध्याकाळी चार-पाच घरं होतात. प्रत्येक घरातून एक वाण. प्लास्टिकची गाळणी, साबणदाणी, मसाल्याची डबी, मोबाइल ठेवायचा स्टँड, केसांचे चाप, चिमटे. हे सगळं घाऊक बाजारातून डझनावर आणलेलं असतं, आणि स्वस्तात बसवायचं म्हणून तकलादू असतं. वहीत त्या दिवसांत आलेल्या वस्तूंची यादी दोन पानं झाली. त्यातल्या रोजच्या वापरात आलेल्या वस्तू मी शोधत बसले तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

वाण नाकारता येत नाही. कुणी हळदकुंकू लावून, तिळगूळ देऊन हातात वस्तू ठेवली की ती कपाळाला लावून घ्यायची असते, ती परत करणं म्हणजे त्या बाईचा मान मोडणं. नाकारायला शिका, असा सल्ला सगळीकडं वाचायला मिळतो, पण तो आमच्या उंबऱ्याच्या आत लागू पडत नाही. म्हणून मी नाकारायच्या आधीची जागा धरली. आमची बायकांची भिशी असते. डिसेंबरच्या भिशीला, वाणाची खरेदी कुणी केलेली नसते तेव्हा, मी पान उघडून वाचून दाखवलं. कुणाच्या घरचं काय ते सांगितलं नाही, नुसत्या वस्तू आणि त्यांची संख्या. मग म्हटलं, यंदा संपणारं वाण देऊया का? गूळ, काडेपेटी, वाती, उदबत्ती, साबण, धान्य, रिठे, जे महिन्याभरात वापरून संपेल असं काहीही.

एक काकू म्हणाल्या, "साबण दिला तर लोक काय म्हणतील, आम्हाला आंघोळीची आठवण करून दिली?" सगळ्या हसल्या. पण त्यांतल्याच एका आज्जींनी सांगितलं, की त्यांच्या लहानपणी वाण म्हणजे ओंजळभर धान्य, ऊस, बोरं, हरभऱ्याचे घाटे. प्लास्टिक त्यांनी पाहिलं ते नंतर. त्यांच्या बोलण्यानं जे झालं ते माझ्या वहीनं झालं नसतं. मी त्या वर्षी पसाभर बासमती दिला, कातरणाच्या छोट्या थैलीत, नाडीसकट. बेळगावच्या शिवारातला बासमती. आता तो पिकवणारे कमी झालेत, पण शिजताना शेजारच्या घरात वास जातो. सगळ्यांनी ऐकलं असं झालं नाही. भिशीतल्या निम्म्या बायकांनी पुन्हा डब्याच दिल्या, आणि मी त्या कपाळाला लावून घेतल्या. पण उरलेल्या निम्म्यांकडून गूळ आला, वाती आल्या, नंदगडकडच्या एका वैनीनं जंगली मध आणला. पुढच्या वर्षी आणखी काहीजणी वळल्या.

तांदळावरून आठवलं, भाताचं पान. हे पान लिहिताना सासूबाईंना सगळ्यात वाईट वाटलं, कारण भात शिजवतात त्या. त्यांनी चिखलात उभं राहून नट्टी, म्हणजे भाताची रोपं, लावलेली आहेत. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरून उभं पीक कुजलेलं बघितलेलं आहे. शीत वाया घालवणाऱ्या त्या नव्हेत. पण पाहुणा आला तर कमी पडू नये, म्हणून एक माप जास्त पडायचं, आणि पाहुणा रोज येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या 2024 सालच्या अन्न-नासाडी अहवालात भारतातल्या घरांमधली नासाडी माणशी वर्षाला 55 किलो धरली आहे. मी हा आकडा सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "सकाळीच सांगत जावा कोण रात्री जेवायला आहे ते." एवढ्यानंच बरंच झालं. पाहुण्यासाठी म्हणून डब्यात पोहे आणि जोंधळ्याचं पीठ कायम तयार असतं, आला तर पंधरा मिनिटांत भाकरी. उरलाच भात तर सकाळी फोडणीचा, नाहीतर ताकात कालवून. आंबलेला भात प्लास्टिकच्या पिशवीत बांधून रस्त्यावर गाईला ठेवायची पद्धत मात्र आमच्या घरानं पूर्ण सोडली. गाय पिशवीसकट खाते, ते तिच्या पोटात साठत जातं.

विजेबद्दल थोडक्यातच सांगते. आमच्याकडं चालू स्थितीतलं काहीही आम्ही काढून टाकलं नाही. शिलाईच्या खोलीतला पंखा जळाला तेव्हा त्याच्या जागी बीएलडीसी पंखा आणला. जुना 75 वॅटचा होता, हा 30 च्या आसपास घेतो. इस्त्री मी आता कपडे साठवून एका बैठकीत करते, तापवायला जी वीज लागते ती एकदाच लागते. देशाच्या ग्रीडमध्ये एका युनिटमागं सरासरी 0.7 किलोच्या वर कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, आणि बिल शून्य आलं म्हणून तो थांबत नाही. हे मुलानं ऐकलं आणि बिलावरचे युनिट वाचायचं काम स्वतःकडं घेतलं. तो दर महिन्याला वहीत ते लिहितो, वर तारीख घालून.

खताची गोष्ट मात्र लांब आहे, कारण ते जमायला एक अख्खा पावसाळा मधे गेला.

बेळगावचा कचरा तुरमुरीला जातो. वेंगुर्ला रस्त्यावर, उचगावच्या बाजूला तो भाग लागतो. शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओलाच असतो, आणि तो ढिगाखाली हवेविना कुजला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट उष्णता धरून ठेवतो. शिवाय त्या ढिगाच्या शेजारी माणसं राहतात, शेतं आहेत. माझ्या घरातली कांद्याची सालं तिथं का जावीत?

खानापूरचे मातीचे रांजण आमच्याकडं दोन होते, दोन्हींना बारीक तडे गेलेले, पाण्याला निकामी. त्यांना बाजूनं भोकं पाडून घेतली. तळाला करवंट्या आणि नारळाच्या शेंड्या, म्हणजे पाणी निथळायला वाट राहते. त्यावर वाळका पाचोळा, मग स्वयंपाकघरातला बारीक केलेला ओला कचरा, मग पुन्हा पाचोळा. ओल्याच्या दुप्पट सुकं, हे माप डोळ्यांनी धरायचं. मधूनमधून आंबट ताक आणि मूठभर बागेतली माती. आठवड्यातून एकदा काठीनं तळापासून वर आणायचं. मूठ दाबून बघायची: ओलसर लागलं पाहिजे, पण बोटांतून पाणी ठिबकता कामा नये. आंबूस वास आला की पाचोळा वाढवायचा. काहीच हालचाल दिसेना झाली की थोडं पाणी शिंपडायचं. शिजवलेलं तेलकट अन्न, हाडं आणि लिंबाच्या सालांचा ढीग मी घालत नाही.

फेब्रुवारी-मार्चला सुरू करणाऱ्याला हे सोपं वाटतं. जूनमध्ये आमच्याकडं पाऊस लागतो तो सप्टेंबरपर्यंत, आणि त्या चार महिन्यांत सुकं पान दिसत नाही. हवाच इतकी दमट की रांजणातलं आटत नाही, माश्या होतात, वास येतो. शेजारून विचारणा होते. यावर उपाय पावसात सापडत नाही, तो उन्हाळ्यात करून ठेवावा लागतो. पानगळीच्या दिवसांत कॅम्पातल्या झाडांखाली, शाळेच्या आवारात पाचोळ्याचे ढीग लागतात, आणि लोक ते पेटवून देतात. झाडणाऱ्या मावशींना सांगून ठेवलं की त्या पेटवायच्या आधी पोतं भरून देतात. तांदळाची जुनी पोती ठासून भरायची, जिन्याखाली फळीवर ठेवायची, जमिनीला टेकवायची नाहीत. तेवढ्यानंही नाही पुरलं तर राइस मिलमधून भाताचं तूस. ते लवकर कुजत नाही, पण ओल चांगली शोषतं. रांजणाच्या तोंडावर जुनं कौल आणि वर दगड, म्हणजे पागोळ्यांचं पाणी आत जात नाही.

पहिल्या पावसाळ्यात रांजणात करड्या, जाड, वळवळणाऱ्या अळ्या झाल्या आणि घरात एकच ओरडा झाला. मुलानं शोधून सांगितलं, की या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या, ही माशी घरमाशीसारखी अन्नावर बसत नाही, आणि अळ्या कचरा झपाट्यानं खातात. त्या दिसल्या की थोडं सुकं जास्त घालायचं, बाकी त्यांना त्यांचं काम करू द्यायचं. तरी रांजण मी स्वयंपाकघराच्या दारापासून उचलून परसाच्या कोपऱ्यात नेला, कारण सासूबाईंना तिथून जाताना किळस वाटायची आणि त्यांची सोय बघणं मला खताइतकंच महत्त्वाचं होतं. आता खत चाळून निघतं ते काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचं. गच्चीवर मिरच्या, अळू, दोडक्याचा वेल त्यावरच आहे. शेजारच्या वैनी, ज्यांनी वासाची तक्रार केली होती, त्यांनी यंदा मोगऱ्याला घमेलंभर मागून नेलं आणि बदल्यात घरचा पाचोळा पोत्यानं देतात.

सध्या आमचं बोलणं गल्लीतल्या गणपतीच्या महाप्रसादावर चाललंय. प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटांवर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहेच, म्हणून मंडळ कागदी ताटं आणि कागदी कप आणतं. कागदी कपाला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खरगपूर आयआयटीच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं, की अशा कपात शंभर मिलिलिटर गरम पेय पंधरा मिनिटं राहिलं तर त्यात प्लास्टिकचे सुमारे पंचवीस हजार सूक्ष्म कण उतरतात. मंडळाच्या पोरांपुढं मी हे ठेवलं. पोरं चांगली आहेत, ऐकून घेतात. जेवणासाठी केळीची पानं आणि पत्रावळ्या त्यांनी मान्य केल्या. पानं उष्ट्यासकट कुठं जिरवायची ते आम्ही बायकांनी अंगावर घेतलं, परसाचे खड्डे ठरलेत. चहासाठी स्टीलचे पेले घरोघरून गोळा करायचे, तर विसळणार कोण, यावर गाडी अडली आहे. भिशीतल्या चारजणी एका संध्याकाळी उभ्या राहायला तयार आहेत. मंडळाच्या पोरांनी एक संध्याकाळ घ्यावी असं मी म्हटलंय. रविवारी पुन्हा बैठक आहे.